विमेइरोची टेकडी जेवणाच्या टेबलावर : नेपोलियनकालीन लढाई पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

नेपोलियनच्या काळातली लढाई टेबलावर मांडायची म्हटलं की नवखा माणूस थेट वॉटर्लूला हात घालतो. मीही घातला होता. १८ जून १८१५ च्या त्या रणांगणावर तिन्ही सैन्यं मिळून दोन लाखांच्या आसपास माणसं होती. माझ्याकडच्या सैनिकांच्या छोट्या पुतळ्या कमी पडल्या, म्हणून अर्ध्या पलटणींच्या जागी शर्टाची बटणं ठेवली. रविवारी रात्री दहाला टेबल आवरलं तेव्हा खेळातल्या घड्याळात दुपारचा एकही वाजला नव्हता, आणि प्रशियन तुकड्या डब्यातून बाहेरसुद्धा निघाल्या नव्हत्या. तेव्हापासून मला कुणी विचारलं, की मी एकच लढाई सुचवतो : विमेइरो, पोर्तुगाल, २१ ऑगस्ट १८०८.

सुचवण्यामागे कारण आहे. प्रत्येक लढाईत सेनापतीला एखादा प्रश्न छळत असतो. तो प्रश्न खेळणाऱ्याच्या पुढ्यात तसाच उभा राहिला, तर खेळ जमला. पुतळ्या कितीही सुंदर असोत आणि नियमांची वही कितीही जाड असो, प्रश्न हरवला की उरतं ते फासे टाकणं. विमेइरोचा प्रश्न एका वाक्यात सांगता येतो, सैन्यं आटोपशीर आहेत आणि सकाळी नऊच्या सुमाराला पेटलेली लढाई दुपारपर्यंत संपते. म्हणजे खरोखर एका बैठकीत पुरी होते.

आधी लढाई समजून घ्या

नोव्हेंबर १८०७ मध्ये फ्रेंच जनरल ज्युनो लिस्बनमध्ये शिरला आणि पोर्तुगालचं राजघराणं जहाजांत बसून ब्राझीलला गेलं. (त्या वर्षांत इकडे गोव्यातही ब्रिटिश फौजेचा तळ होता, तोही फ्रेंचांच्याच धास्तीने.) १८०८ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सैन्य पोर्तुगालच्या किनाऱ्यावर उतरलं. त्याचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मराठी वाचकाला हा माणूस अनोळखी नाही : २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंद्यांच्या सैन्याशी लढला तो हाच.

विमेइरो गावाजवळ वेलस्ली थांबला, कारण मागच्या खाडीत आणखी दोन ब्रिगेड (ब्रिगेड म्हणजे काही पलटणींचा गट) जहाजांतून उतरत होत्या आणि त्यांना संरक्षण हवं होतं. त्याच्याकडे पोर्तुगीज तुकड्या धरून वीस हजारांच्या आसपास माणूस. ज्युनो रात्रभर चालून आला तो तेरा-चौदा हजार घेऊन. गावाच्या पुढे एक बुटकी, माथ्याशी सपाट टेकडी आहे. गावापासून ईशान्येकडे एक लांब डोंगरधार व्हेंटोसा नावाच्या वस्तीकडे जाते. टेकडीवर वेलस्लीने फेन आणि अॅन्स्ट्रुथर यांच्या ब्रिगेड ठेवल्या. फ्रेंच पूर्वेकडून येताहेत हे दिसल्यावर बाकीच्या ब्रिगेड त्याने पश्चिमेच्या धारेवरून उचलून ईशान्येच्या धारेवर नेल्या.

ज्युनोने सैन्य फोडलं. आधी ब्रेनिएची आणि मग सोलिन्याकची ब्रिगेड त्याने लांबचा वळसा घालून उत्तरेला पाठवली. शार्लो आणि तोमिएर यांच्या ब्रिगेड सरळ टेकडीवर चढवल्या आणि त्यांच्या मागून राखीव ग्रेनेडिअर, म्हणजे निवडक पायदळ, घातले. ग्रेनेडिअरांचा सेनापती केलरमान. १८०० साली मारेंगोच्या रणांगणावर घोडदळाच्या एका धडकेने बाजी पालटवणारा तो हाच. सगळे हल्ले एकामागून एक झाले आणि एकामागून एक फुटले. ब्रेनिए दऱ्याखोऱ्यांत अडकून उशिरा पोचला आणि शेवटी कैद झाला. फ्रेंचांनी २३ तोफा आणल्या होत्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक गमावल्या.

ज्युनोचा प्रश्न असा : टेकडीमागे किती माणूस आहे हे दिसत नाही, तर चढाई स्तंभातून (दाटीने, ओळींमागे ओळी) करायची की रांगेत (रुंद पसरून)? वेलस्लीचा प्रश्न : माणसं लपवून ठेवली तर ती वाचतात, पण बाहेर नेमकी कधी काढायची? पुढची सगळी मांडणी या दोन प्रश्नांसाठी आहे.

मोजमाप

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. बाजारातल्या पुतळ्या २८, १५, १० किंवा ६ मिलिमीटर उंचीच्या असतात, आणि माणूस उंची पाहून खरेदी करतो. खरं तर आधी जमिनीचं प्रमाण ठरवायचं असतं.

सहा फूट बाय चार फूट टेबल घ्या, म्हणजे १८० बाय १२० सेंटीमीटर. १ सेंटीमीटर म्हणजे २५ मीटर धरलं तर टेबलावर साडेचार किलोमीटर बाय तीन किलोमीटर मावतात. विमेइरो गावापासून व्हेंटोसापर्यंतचा मुलूख त्यात बसतो. आता एक पलटण घ्या, म्हणजे बटालियन, साधारण सहाशे माणसांची. ब्रिटिश पायदळ प्रत्यक्षात दोन ओळींत उभं राहायचं. सहाशेच्या दोन ओळी म्हणजे रुंदीत तीनशे माणूस. माणसामागे अर्धा मीटर धरा, दीडशे मीटर झाले. टेबलावर ६ सेंटीमीटर. म्हणजे तुमच्या पलटणीच्या पट्टीची रुंदी ठरली, आणि ती इतिहासानेच ठरवून दिली.

त्या काळची बंदूक आतून गुळगुळीत नळीची. एकसाथ झाडलेली फैर शंभर मीटरपर्यंत कामाची, त्यापुढे दारू वाया. टेबलावर ४ सेंटीमीटर! पहिल्यांदा हे मोजलं तेव्हा मला पटेना. इतक्या जवळ जाऊन माणसं उभी राहत होती, हे त्या चार सेंटीमीटरनी मला जितकं कळलं तितकं वाचून कळलं नव्हतं. ब्रिटिशांच्या हिरव्या डगल्यातल्या रायफलवाल्यांची नळी आतून आटेदार, म्हणून त्यांना ८ सेंटीमीटर द्या. तोफेच्या भरीव गोळ्याला ३० सेंटीमीटर, छर्ऱ्यांना १२.

एक फेरी म्हणजे पंधरा मिनिटं. बारा फेऱ्यांत तीन तास, लढाई तेवढीच. पंधरा मिनिटांत मोकळ्या मैदानावर माणूस पुढच्या आकड्यांहून बराच जास्त चालतो, पण पलटण चालते तेव्हा थांबणं, ओळ नीट करणं आणि हुकमाची वाट पाहणं आलंच. म्हणून स्तंभाला १२ सेंटीमीटर, रांगेला ८, घोडदळाला २०, घोडे जुंपलेल्या तोफेला १०. चढावर किंवा झाडीत पायदळाला दोन-तृतीयांश आणि घोडे-तोफांना निम्मं. खोल ओढा ओलांडायला तोफेला पूर्ण फेरी जाते.

टेबल आणि जमीन

ज्यांनी लहानपणी दिवाळीचा किल्ला केलाय, त्यांना हा भाग शिकवायला नको. तिथे विटांवर पोतं टाकून डोंगर करायचो, इथे थर्मोकोलच्या किंवा पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक ठेवायच्या आणि वरून हिरवट-मातकट चादर टाकायची. माती वापरू नका. पुतळ्या उभ्या राहत नाहीत आणि मोजपट्टी फिरत नाही. चादर गुळगुळीत नको, जाड सुती बरी, पट्ट्या घसरत नाहीत.

नैर्ऋत्य कोपऱ्याजवळ गाव : चार-पाच पुठ्ठ्याची घरं आणि एक चर्च. चर्च हवंच. ग्रेनेडिअर गावाकडे घुसले तेव्हा ब्रिटिशांच्या ४३व्या पलटणीने त्यांच्याशी हातघाईची लढाई केली ती याच परिसरात. गावाच्या आग्नेयेला टेकडी, दोन चकत्या उंच, माथा सपाट आणि निदान २५ सेंटीमीटर रुंद. तो रुंद हवा, कारण माथ्याच्या अलीकडे माणसं लपायची आहेत. गावापासून ईशान्य कोपऱ्यापर्यंत धार, आणि धारेच्या पूर्वेला एक खोल घळ निळ्या-तपकिरी कापडाच्या पट्टीने दाखवा. ही घळच ब्रेनिएचं दुर्दैव, ती विसरू नका. फ्रेंच पूर्व आणि दक्षिण कडेने आत येतात.

एक पक्की अट : माथ्याची रेषा दोन्ही खेळाडूंना एकच दिसली पाहिजे. चादरीवर खडूने आखा. ‘हा माथ्यावर आहे की मागे?’ या वादात जितके डाव मोडलेत, तितके फाशांच्या वादात मोडलेले मी पाहिले नाहीत.

सैन्य

प्रत्येक पलटणीसाठी ३ बाय २ सेंटीमीटरचे दोन तुकडे कापा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) मिळालं तर उत्तम, नाहीतर वहीच्या जाड पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवा. दोन तुकडे शेजारी ठेवले की रांग, एकामागे एक ठेवले की स्तंभ, पाठीला पाठ लावली की चौकोन. तुकड्यांकडे पाहूनच समोरच्याला तुमची रचना कळते, वेगळी खूण लागत नाही.

सोपी केलेली मोजदाद अशी. टेबलावर ब्रिटिशांच्या सोळा पलटणी : फेनच्या तीन, त्यातल्या दोन रायफलवाल्या; अॅन्स्ट्रुथरच्या चार, अॅक्लंडच्या दोन, फर्ग्युसनच्या तीन, नाइटिंगेलच्या दोन, बोवेसच्या दोन. शिवाय घोडदळाची एक तुकडी आणि तोफखान्याच्या तीन. बाकीच्या ब्रिगेड टेबलाबाहेर पश्चिमेच्या धारेवर आणि उत्तरेला, त्यांना या खेळात आणायचं नाही. फ्रेंचांच्या पंधरा : शार्लोच्या दोन, तोमिएरच्या दोन, केलरमानच्या ग्रेनेडिअरांच्या चार, सोलिन्याकच्या तीन, ब्रेनिएच्या चार. घोडदळाच्या चार तुकड्या आणि तोफखान्याच्या चार. दोन्ही बाजू मिळून एकतीस पलटणी, म्हणजे बासष्ट तुकडे. दोन महिन्यांच्या शनिवार-रविवारांत होण्यासारखं काम आहे.

पुतळ्यांवर लगेच पैसे घालू नका. पहिला डाव कागदी सैनिकांवर खेळा : जाड कागदावर छापलेले किंवा हाताने काढलेले, तुकड्यावर उभे चिकटवलेले. खेळ आवडला तर ६ किंवा १० मिलिमीटरच्या धातूच्या, प्लास्टिकच्या किंवा थ्री-डी प्रिंट केलेल्या पुतळ्या घ्या. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. तीन-चार जणांनी मिळून एकदाच मागवणं परवडतं.

रंगवताना तीन फुटांवरून काय दिसतं तेवढंच रंगवा. ब्रिटिशांचा लाल डगला, फ्रेंचांचा निळा, रायफलवाल्यांचा गडद हिरवा, रायफलवाले सोडून बाकीच्यांच्या छातीवर पांढऱ्या पट्ट्यांची फुली, काळी टोपी, तपकिरी बंदूक. वरून पातळ तपकिरी रंगाचा हात मारला की घड्या आपोआप उठून दिसतात. ब्रिटिशांच्या ५०व्या पलटणीच्या कॉलर-मनगटाचा रंग काळा होता, त्यावरून तिचं टोपणनावही पडलं होतं. तेवढी एक पलटण मी मन लावून रंगवली, कारण तिचं काम पुढे येतंय. आणि कोकणात-मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात स्प्रेचा प्रायमर किंवा वार्निश मारू नये. दमट हवेत पांढुरका थर धरतो आणि महिन्याची मेहनत जाते. ब्रशने लावा.

स्तंभ, रांग, चौकोन

इथे थोडं थांबू, कारण या खेळाचं मर्म इथेच आहे.

रांगेत प्रत्येक बंदूक शत्रूकडे रोखलेली असते, पण दीडशे मीटर रुंद रांग उंचसखल जमिनीवर चालवणं फार अवघड. ती वाकते, तुटते, आणि घोडदळ आलं तर उघड्यावर सापडते. स्तंभ चालायला सोपा : माणसं एकमेकांना खेटून, अधिकाऱ्याचा आवाज शेवटपर्यंत पोचतो, मागच्यांच्या रेट्याने पुढच्यांना धीर येतो. पण गोळीबारात तो दुबळा. सहाशे माणसांचा स्तंभ शंभर-शंभरच्या सहा कंपन्यांचा धरा, पुढे दोन कंपन्या, तीन ओळींत. पुढच्या दोन ओळीच नीट बंदूक झाडू शकतात, म्हणजे एकशे तीस-पस्तीस बंदुका. समोर रांगेत सहाशे. हिशेब एकास चारचाही वरचा झाला.

मग फ्रेंच स्तंभ वापरत तरी का होते? कारण स्तंभ शेवटपर्यंत स्तंभ राहणार असं बहुधा ठरलेलं नसे. पुढे विखुरलेले निशाणबाज शत्रूला हैराण करणार, तोफा त्याची ओळ फोडणार, आणि स्तंभ वेळ पाहून रांगेत उलगडणार किंवा डळमळलेल्या शत्रूवर तसाच कोसळणार. युरोपभर हे चाललं होतं. विमेइरोला चाललं नाही, कारण ब्रिटिश निशाणबाजांचा पडदा दाट होता, आणि मुख्य पलटणी माथ्याच्या अलीकडे तोफांच्या नजरेआड होत्या. शत्रू कुठे उभा आहे हे कळायच्या आत स्तंभ त्याच्या तोंडाशी पोचला. उलगडायला वेळच उरला नाही. फैर झाली, आरोळी झाली, संगिनी पुढे आल्या. ५०व्या पलटणीने तर आपल्या काही कंपन्या वळवून तोमिएरच्या स्तंभाच्या बगलेवर मारा केला. असईला मराठ्यांच्या तोफांनी पायदळाची काय अवस्था होते, हे वेलस्लीने जवळून पाहिलं होतं. माणसं तोफांपासून आडोशाला ठेवण्याच्या त्याच्या सवयीमागे ती आठवण असावी, असं मला वाटतं.

चौकोन हा घोडदळावरचा उपाय. घोडा संगिनींच्या भिंतीवर जात नाही. पण चौकोन तोफेला आयतं लक्ष्य आहे आणि तो जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल.

नियम, एका पानात

मोठी नियमपुस्तकं नंतर. पहिले चार-पाच डाव यावर खेळा. सहा पैलूंचे साधे फासे, सेंटीमीटरची टेप, खुणांसाठी मूग-मसूर.

फेरीचा क्रम : हुकूम, हालचाल, गोळीबार, हातघाई. फ्रेंच आधी, मग ब्रिटिश. फरक फक्त गोळीबारात : ज्याच्या टप्प्यात शत्रू येतो तो लगेच झाडतो, पाळी कुणाचीही असो, पण एका फेरीत एकदाच.

गोळीबारात ब्रिटिश रांगेला चार फासे, फ्रेंच रांगेला तीन, स्तंभाला एक, रायफलवाल्यांना दोन. तोफेला दोन, छर्ऱ्यांच्या टप्प्यात चार. चौकोनावर झाडताना तोफेला दोन फासे जास्त. पाच किंवा सहा पडला की लक्ष्यावर एक दाणा. गावातल्या पलटणीवर फक्त सहालाच दाणा.

तीन दाणे झाले की पलटण डळमळीत : एक पूर्ण चाल मागे, आणि पुढच्या फेरीत फक्त उभी राहू शकते. शत्रूपासून २० सेंटीमीटर दूर एक फेरी शांत बसली तर एक दाणा उचला. पाच दाण्यांना पलटण फुटली, टेबलावरून काढा. पूर्ण पलटण मेली असा याचा अर्थ घेऊ नका, ती त्या दिवसापुरती संपली एवढंच.

हातघाईत दोघांनी एकेक फासा टाकायचा. चढावर वरच्याला अधिक एक, ग्रेनेडिअरांना अधिक एक, बगलेवर किंवा पाठीवर येणाऱ्याला अधिक दोन, चौकोनात नसलेल्या पायदळावर धावणाऱ्या घोडदळाला अधिक दोन आणि चौकोनावर धावणाऱ्याला उणे तीन. अंगावरच्या दर दोन दाण्यांमागे उणे एक. हरलेला एक दाणा घेऊन एक चाल मागे जातो. बरोबरी झाली तर दोघांना एकेक दाणा आणि पुन्हा टाका.

घोडदळ जिंकलं की एक फासा टाका. एक ते तीन पडले तर ते आवरत नाही, पुढच्या फेरीत सरळ समोर पूर्ण चाल धावतं. हा नियम काढून टाकू नका. २०व्या लाइट ड्रॅगून या ब्रिटिश घोडदळाच्या स्वारांनी पळणाऱ्या ग्रेनेडिअरांचा पाठलाग केला तो थांबलाच नाही, फ्रेंच घोडदळाने त्यांना गाठलं आणि त्यांचा कर्नल टेलर तिथेच पडला.

रचना बदलायला निम्मी चाल लागते. पण शत्रू ४ सेंटीमीटरच्या आत अचानक उघडा पडला, तर स्तंभाने त्याच क्षणी एक फासा टाकायचा : पाच किंवा सहा आला तरच उलगडता येतं, नाहीतर आहे तसंच झेलायचं.

लपवाछपवी

ब्रिटिश खेळाडूने माथ्याच्या अलीकडे पुतळ्या ठेवायच्याच नाहीत. प्रत्येक पलटणीसाठी पालथं घातलेलं पत्त्याचं पान ठेवा, आणि आणखी सहा पानं नुसती फसवी. कोणतं पान कोणाचं हे चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. पान स्तंभाच्या चालीने सरकतं. शत्रूची कोणतीही तुकडी माथा ओलांडून पाहू शकली, किंवा त्याचे निशाणबाज ६ सेंटीमीटरच्या आत पोचले, तरच पान उलटायचं. पान स्वतः झाडायला लागलं तर तेही आपोआप उघडतं.

निशाणबाजांसाठी प्रत्येक ब्रिगेडला रुपयाच्या नाण्याएवढा एक तुकडा द्या, चाल १५ सेंटीमीटर, फासा एक, टप्पा ४. जमून उभ्या पलटणीशी ते हातघाई करत नाहीत, ती ४ सेंटीमीटरवर आली की मागे हटतात. पण शत्रूच्या निशाणबाजाला रोखून धरणं त्यांना जमतं : दोन विरुद्ध नाणी ६ सेंटीमीटरच्या आत असतील तर त्यांतलं एक हटल्याशिवाय दुसऱ्याला पानं उलटता येत नाहीत. आता ज्युनोच्या जागी बसून पाहा. रायफलवाल्यांना हटवायला वेळ घालवावा, की आंधळेपणाने स्तंभ माथ्यावर चढवावा? प्रश्न टेबलावर आला.

हुकूम पोचतो की नाही

नेपोलियनी युद्ध संपून दशकही झालं नव्हतं तेव्हा, १८२४ साली, प्रशियाच्या सैन्याने राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटचा ‘क्रीगश्पील’ स्वीकारला. नकाशावर ठोकळे, मध्ये पंच, आणि खेळाडूंनी हुकूम लिहून द्यायचे. त्याची शिफारस करणारा जनरल म्युफलिंग वॉटर्लूला वेलिंग्टनच्या तळावर प्रशियाचा प्रतिनिधी होता, म्हणजे हुकूम आणि निरोप वाटेत कसे रखडतात हे त्याने स्वतः अनुभवलेलं. तुमच्याकडे तिसरा माणूस असेल तर त्याला पंच करा, आणि पानांच्या चिठ्ठ्या त्याच्याकडे द्या. खेळाची रंगत दुप्पट होते.

पंच नसेल तर एवढं पुरे : खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक ब्रिगेडचा हुकूम एका ओळीत लिहा. दर फेरीला प्रत्येक ब्रिगेडसाठी फासा टाका. एक पडला तर ती ब्रिगेड त्या फेरीत हलत नाही, फक्त स्वतःचं रक्षण करते. हुकूम बदलायचा असेल तर नवा लिहा, तो पुढच्या फेरीत लागू. ब्रेनिएला घळीच्या काठाने जाताना मात्र चार, पाच, सहा पडले तरच चाल. माझ्या खेळात तो एकदा सातव्या फेरीत पोचला, एकदा अकराव्या.

एक फेरी करून पाहू

तोमिएरच्या दोन पलटणी स्तंभात, टेकडीच्या पायथ्याशी. चढावर स्तंभाची चाल ८. वाटेत ब्रिटिश तोफेने दोन फासे टाकले : सहा आणि दोन, पुढच्या पलटणीवर एक दाणा. ब्रिटिश नाणं हटलेलं नाही, त्यामुळे माथ्यामागची चार पानं पालथीच. फ्रेंच खेळाडू पुढे सरकतो, माथ्यावर येतो, आणि ४ सेंटीमीटरवरचं पान उलटतं : ५०वी पलटण, रांगेत. तो उलगडण्यासाठी फासा टाकतो. तीन. जमलं नाही. ब्रिटिश रांगेचे चार फासे : पाच, दोन, सहा, तीन. दोन दाणे. एकूण तीन झाले, पुढची पलटण डळमळली आणि मागच्या पलटणीच्या अंगावरून उतरून गेली. डळमळीत पलटण ज्यांच्यातून मागे जाते त्यांच्यावरही एक दाणा ठेवा. स्तंभ एकामागे एक लावण्याची किंमत इथे मोजावी लागते.

फ्रेंच खेळाडू इथे नशिबाला बोल लावतो. त्याला विचारा : १२ सेंटीमीटर आधीच उलगडला असतास तर? तेव्हा चाल ८ वरून पाचवर आली असती, तोफांनी आणखी दोन फेऱ्या झोडपलं असतं, पण माथ्यावर तीन फासे हातात असते. यावर माझ्या मित्रांत अजून एकमत नाही, आणि मला त्याचा आनंद आहे.

शेवट कधी

बाराव्या फेरीनंतर खेळ थांबवा, ब्रिटिश कितीही जोरात असोत. त्या दिवशी असंच झालं. वेलस्लीहून वरिष्ठ सर हॅरी बरार्ड रणांगणावर पोचला होता. लढाई त्याने वेलस्लीला संपवू दिली, पण पाठलागाची परवानगी दिली नाही. ३० ऑगस्टला सिंत्राचा करार झाला आणि फ्रेंच सैन्य ब्रिटिश जहाजांतूनच मायदेशी गेलं. करारावरून लंडनमध्ये इतका गदारोळ झाला की चौकशी बसली.

टेकडी किंवा गाव बाराव्या फेरीच्या शेवटी फ्रेंचांकडे असेल तर ते जिंकले. फ्रेंचांच्या निम्म्याहून जास्त पलटणी फुटल्या असतील, किंवा त्यांच्या दोन तोफा हातात आल्या असतील, तर ब्रिटिश जिंकले. बाकी सगळं बरोबरी.

डाव संपल्यावर पुतळ्या उचलण्याआधी टेबलाचा वरून फोटो घ्या, आणि दोघांनी आपापल्या लिहिलेल्या हुकमांच्या ओळी मोठ्याने वाचा. कोणता हुकूम कोणत्या फेरीत चुकीचा ठरला हे तेव्हाच कळतं, दुसऱ्या दिवशी नाही.

मग बाजू बदला. ज्युनोच्या जागी बसलात तर ब्रेनिए आणि सोलिन्याक यांना उत्तरेला पाठवू नका. सगळ्या पंधरा पलटणी टेकडीवर आणि गावावर लावा, ग्रेनेडिअर दहाव्या फेरीपर्यंत हातचे राखा, आणि घोडदळ बगलेला ठेवून ब्रिटिशांना रांग सोडून चौकोन करायला भाग पाडा. आम्ही हे तीनदा खेळलो. दोनदा टेकडी पडली. तिसऱ्यांदा ईशान्येच्या धारेवरची मोकळी राहिलेली फर्ग्युसनची ब्रिगेड अॅक्लंडला घेऊन फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर उतरली, आणि नवव्या फेरीतच खेळ संपला.

याच पट्ट्या, हेच फासे आणि हीच पानं घेऊन पुढे असई मांडता येते : केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधली चिंचोळी जमीन, पोलमनच्या हाताखालच्या शिंद्यांच्या कवायती पलटणी, आणि नदी ओलांडून येणारा वेलस्ली. तिथे लपायला माथा नाही. तोफांचे फासे मात्र दोनावर ठेवू नका, निदान तीन द्या.